गावातल्या लग्नाला बाहेरचा केटरर आणताना: विसार देण्यापासून हिशेब मिटेपर्यंत

गेल्या वैशाखात माझ्या पुतणीचे लग्न आमच्या गावी, कऱ्हाड तालुक्यात, घरासमोरच्या मोकळ्या रानात मांडव घालून झाले. आमच्या भावकीतल्या त्याआधीच्या प्रत्येक कार्याचा स्वयंपाक गावच्या आचाऱ्यांनी केला होता. वाढायला तालमीची मुले असत, पुऱ्या लाटायला आणि भांडी घासायला वाडीतल्या बायका असत, आणि टोप, कढया, घमेली मंडळाची असत. या वेळी आम्ही प्रथमच शहरातला केटरर त्याच्या माणसांसकट आणला. तालमीतली निम्मी मुले नोकरीसाठी पुण्याला गेली आहेत, आचारी तात्यांचे वय झाले आहे, आणि मुलाकडच्यांनी बुफे आणि पंगत दोन्ही हवे असे सांगितले होते, ही त्यामागची कारणे. त्यानंतर भावकीतली आणखी दोन कार्ये मी याच पद्धतीने पार पाडली.

पहिल्या वेळी ज्या गोष्टी आम्हाला कोणी सांगितल्या नाहीत, त्या येथे क्रमाने लिहीत आहे. बाहेरचा केटरर स्वयंपाकी आणि वाढपी आणतो, पण गावचे पाणी, गावची वाट आणि गावचा पाहुणा कसा जेवतो याची माहिती त्याच्याकडे नसते. ती माहिती ज्यांच्याकडे आहे त्यांना पूर्ण बाजूला सारून केटररला काम दिले, तर दोन्हीकडून अडचण होते, हे मी तीन कार्यांत पाहिले आहे.

१. विसार देण्याआधी गावातल्या माणसांच्या घरी जा

हे पाऊल बहुतेक जण शेवटी टाकतात किंवा टाकतच नाहीत. आम्हीही तीच चूक केली. केटररला विसार देऊन झाला, आणि तात्यांना ही गोष्ट आमच्याकडून कळण्याआधी मांडववाल्याकडून कळली. त्यांनी आम्हाला बोल लावला नाही. पण त्यांनी ती तिथी आमच्यासाठी राखून ठेवली होती आणि शेजारच्या गावची सुपारी परत केली होती, हे आम्हाला नंतर समजले. तुळशीचे लग्न झाल्यापासून ज्येष्ठापर्यंत जेवढ्या तिथी मिळतील तेवढ्यावर आचाऱ्याचे वर्षाचे गणित असते. त्यातली एक दाट तिथी अशी वाया जाणे हे त्यांचे खरे नुकसान होते, आणि ते आमच्यामुळे झाले.

त्याचा परिणाम पुढे दोन आठवडे दिसत राहिला. भांडी घासायला बायका विचारायला गेलो, तर प्रत्येक घरातून ‘त्या दिवशी जमायचं नाही’ एवढेच उत्तर मिळे. रागाने कोणी काही बोलत नव्हते, पण आचारी, पुऱ्यांच्या बायका आणि भांड्यांच्या बायका हे एकमेकांना धरून असलेले माणसांचे जाळे आहे. त्यातल्या एका माणसाला न विचारता काढले की बाकीचे आपणहून मागे सरकतात.

म्हणून केटरर ठरवण्याआधी, निदान दोन महिने आधी, घरातल्या मोठ्या माणसाने स्वतः त्यांच्या घरी जावे. हे काम फोनवर करू नये आणि निरोप्याकडून तर मुळीच करू नये. तीन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात: मुख्य जेवण बाहेरच्यांना का देत आहोत, कोणती कामे गावाकडेच राहणार आहेत, आणि त्या कामांची मजुरी किती असेल. ‘बघू, सांगतो’ असे मोघम उत्तर देऊन त्यांची तिथी अडवून ठेवू नये. सगळेच काम बाहेर जाणार असेल तर तेही तोंडावर सांगावे, म्हणजे त्यांना दुसरी सुपारी घेता येते.

एक सापळा येथे सांगून ठेवतो. केटररचा दर घेऊन तो गावच्या आचाऱ्याला दाखवायचा आणि त्याची मजुरी पाडायची, हा प्रकार काही जण करतात. दोन्ही दरांत वेगवेगळ्या गोष्टी धरलेल्या असतात. केटररच्या ताटात शिधा, इंधन, भांडी आणि वाढप असते, तर आचाऱ्याच्या मजुरीत फक्त त्याचे आणि त्याच्या हाताखालच्यांचे श्रम असतात. ही तुलना चुकीची आहे आणि अपमानकारकही आहे.

२. कामाची फोड कागदावर करा

लग्नाचे जेवण एक वाटले तरी प्रत्यक्षात पाच-सहा जेवणे असतात: देवकार्य, हळदीच्या रात्रीचे जेवण, सकाळचा चहा-नाश्ता, मुहूर्तानंतरचे मोठे जेवण, आणि वरात गेल्यावर राहिलेल्या घरच्या माणसांचे जेवण. माझ्या मते बाहेरच्या केटररला फक्त मोठे जेवण आणि हवा तर नाश्ता द्यावा. देवकार्याचा नैवेद्य आणि हळदीचे दीडशे-दोनशे पानांचे जेवण गावच्या आचाऱ्यांकडेच ठेवावे. त्या स्वयंपाकातले संकेत त्यांना ठाऊक असतात, आणि रात्री उशिरा चार पाहुणे वाढले तर वाढीव पिठले-भात करायला ते कुरकुर करत नाहीत.

मोठ्या जेवणातही काही कामे गावाकडे देता येतात. आमच्याकडे दुसऱ्या कार्यात पुऱ्या लाटणे आणि भाकरी बचत गटाच्या बायकांना दिल्या, मोठी भांडी घासण्याचे काम वाडीतल्या सहा जणींना दिले, आणि पंगतीत मीठ, लोणचे, पाणी वाढण्याचे काम तालमीच्या दहा मुलांकडे दिले. आम्ही तात्यांना ‘कोठी’ सांभाळायला बसवले, म्हणजे कोणते जिन्नस किती निघाले, किती परत आले यावर त्यांची नजर राहिली. पन्नास वर्षे स्वयंपाक केलेल्या माणसाला हे काम देणे योग्यही होते आणि आमच्या फायद्याचेही.

ही फोड केटररला विसार देण्याआधी दाखवा. गावची माणसे मध्ये नकोत असे म्हणणारे केटरर असतात, आणि त्यांची अडचण पूर्ण खोटी नसते, कारण दोन मुकादमांच्या हाताखाली एक पंगत चालत नाही. म्हणून प्रत्येक कामाचा एकच जबाबदार माणूस लिहून ठेवा.

३. केटरर निवडताना काय पाहावे

चव पाहण्यासाठी त्याच्या कार्यालयात जाऊन चार वाट्या चाखण्यापेक्षा, त्याचे चालू असलेले एखादे कार्य परवानगीने मागच्या बाजूने पाहा. भाजी कुठे चिरली जाते, चिरणाऱ्यांच्या हाताशी पाणी आहे का, खरकटे किती अंतरावर टाकले जाते, आणि शेवटच्या पंगतीला आमटी पातळ होते का, हे तिथेच कळते.

त्याच्याकडून पुढील कागद मागा आणि त्यांच्या प्रती जवळ ठेवा:

• अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा परवाना किंवा नोंदणी. याचा क्रमांक १४ अंकी असतो आणि तो प्राधिकरणाच्या फॉस्कॉस संकेतस्थळावर घालून मुदत तपासता येते. परवाना दुसऱ्याच्या नावावर असणे आणि मुदत संपलेली असणे, या दोन गोष्टी नीट पाहा.
• स्वयंपाक हाताळणाऱ्या माणसांचे वैद्यकीय तपासणीचे दाखले. ही तपासणी वर्षातून एकदा करणे नियमाने आवश्यक आहे.
• जीएसटी क्रमांक, असल्यास.
• येणाऱ्या माणसांची नावांसह यादी आणि ओळखपत्रांच्या प्रती.
• माणसांना भाजणे, पडणे असा अपघात झाल्यास खर्च कोण करणार याची लेखी हमी, आणि विमा असल्यास त्याची प्रत.

जीएसटीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण हिशेबाच्या दिवशी बहुतेक वाद यावरून होतात. गावातल्या मांडवात किंवा साध्या मंगल कार्यालयात दिलेल्या केटरिंग सेवेवर ५ टक्के कर लागतो. तोंडी सांगितलेला ताटाचा दर करासह आहे की कराशिवाय, हे आधी विचारून लिहून घ्या. केटररची जीएसटी नोंदणीच नसेल, किंवा तो कंपोझिशन योजनेत (लहान व्यावसायिकांसाठीची सोपी कर योजना) असेल, तर त्याला तुमच्याकडून वेगळा कर घेता येत नाही. तरीही बिलात ‘कर’ म्हणून रक्कम लावली जात असेल तर ती देऊ नका.

४. येणारी माणसे कोणाची आहेत ते विचारा

बाहेरून माणसे आणणाऱ्यांचा सर्वांत मोठा गैरसमज असा असतो की केटररची माणसे म्हणजे त्याचे पगारी नोकर. प्रत्यक्षात मुख्य आचारी आणि दोन-तीन कारागीर त्याचे असतात. बाकीचे वाढपी, वेटर आणि भांडीवाले तो त्या दिवसापुरते मुकादमाकडून घेतो. दाट तिथीला एकाच मुकादमाने तीन ठिकाणी शब्द दिलेला असतो. आमच्या पहिल्या कार्यात कबूल केलेल्या चाळीस वाढप्यांपैकी सव्वाअकरापर्यंत बावीस जणच पोचले होते, आणि मुहूर्त बारा पस्तीसचा होता. अक्षता पडल्या की माणसे एकाच वेळी उठून जेवणाकडे येतात. बाकी समारंभांसारखी तासभर पांगून येत नाहीत. उरलेले वाढपी एक वाजता आले तेव्हा पहिली पंगत निम्मी वाढून झाली होती, आणि वाढली होती ती गावच्याच मुलांनी, ज्यांना आम्ही बोलावलेही नव्हते.

म्हणून ठरावात माणसांचा फक्त एकूण आकडा न लिहिता कामानुसार लिहा. माझ्या अनुभवात पंगतीला साधारण पंधरा ते वीस पानांमागे एक वाढपी लागतो, आणि बुफेला पंचवीस ते तीस पाहुण्यांमागे एक माणूस पुरतो. सगळे जण मुहूर्ताच्या किमान दोन तास आधी जागेवर हजर असावेत, तुमच्या माणसाने डोकी मोजून हजेरी घ्यावी, आणि कमी आलेल्या प्रत्येक माणसामागे ठरलेली रक्कम बिलातून वजा व्हावी, असे स्पष्ट लिहा.

याच ठरावात आणखी एक अट आग्रहाने घाला: अठरा वर्षांखालील कोणीही कामावर असणार नाही. १४ वर्षांखालील मुलाला कामाला लावणे कायद्याने गुन्हा आहे, आणि आपल्या घरच्या आनंदाच्या दिवशी एखादे शाळकरी पोर खरकटी ताटे उचलत फिरावे, हे कायदा बाजूला ठेवला तरी सहन होण्यासारखे नाही. असे मूल दिसलेच तर त्याला कामावरून उठवा, जेवू घाला आणि केटररला तिथेच जाब विचारा.

५. ताटांची मोजणी

केटरर ‘किमान हमी’ मागतो, म्हणजे तेवढ्या ताटांचे पैसे पाहुणे आले नाहीत तरी द्यावे लागतात. निमंत्रणाच्या यादीवरून हा आकडा सांगू नका. गावात एका पत्रिकेवर घरटी एक येतो की चार, हे ज्या आचाऱ्याने तुमच्या घरची मागची कार्ये केली आहेत त्याला विचारा. आमच्या यादीवरून अकराशे निघत होते. तात्यांनी आठशे ऐंशी सांगितले, आणि प्रत्यक्षात नऊशे बारा पाने झाली.

मोजणीची पद्धत आधी ठरवा. सर्वांत सोपी रीत अशी की जेवण सुरू होण्याआधी स्वच्छ ताटे तुमच्या माणसासमोर मोजायची आणि जेवणानंतर उरलेली पुन्हा मोजायची. मात्र घासून पुन्हा वापरात आलेली ताटे या हिशेबातून निसटतात, म्हणून पंगतीचा आकडा स्वतंत्र, पंगत बसल्यावर पाने मोजून, वहीत लिहावा. बँडवाले, मांडववाले, फोटोवाले, गाडीचे चालक आणि केटररची स्वतःची माणसे ही ताटे कोणाच्या खात्यात, हेही लिहा. आमच्याकडे ती सत्तरच्या घरात गेली होती. वाढीव ताटांचा दर मूळ दरापेक्षा जास्त नसावा.

थर्माकोल आणि प्लास्टिकची ताटे, वाट्या महाराष्ट्रात २०१८ पासून बंद आहेत, तेव्हा केटरर काय आणणार हे विचारा. स्टीलची ताटे किंवा पत्रावळी-द्रोण हेच बरे.

६. पाणी, इंधन आणि भट्टीची जागा

या मुद्द्यावर आमचे कार्य जवळजवळ अडले होते, म्हणून तो नीट वाचावा ही विनंती. मुख्य आचारी पहाटे साडेपाचला आले, घरामागच्या बोअरचे पाणी टोपात भरून त्यांनी आमटीची तूरडाळ चढवली. सात वाजले, साडेसात वाजले, पाणी दोनदा वाढवले, आणि डाळ चिमटीत धरली की मध्ये कणी तशीच टणक लागत होती. त्यांना वाटले डाळ जुनी आहे. आमची भांडी घासायला अखेर ज्या एक मावशी आल्या होत्या, त्यांनी टोपात डोकावून विचारले, ‘पाणी बोअरचं घेतलंत काय?’ आमच्या बोअरचे पाणी जड आहे; त्यात क्षार इतके असतात की डाळ शिजत नाही, हे वाडीतल्या प्रत्येक बाईला माहीत आहे आणि आम्हीही घरात नळाचेच पाणी वापरतो. पण ते आचाऱ्यांना सांगायचे कोणाच्या लक्षात आले नाही. शेवटी तात्या स्वतः आले, ती डाळ बाजूला काढायला लावली, नळ योजनेच्या टाकीवरून ट्रॅक्टरच्या टँकरने पाणी आणवले, आणि नवी डाळ मोठ्या दोन टोपांऐवजी चार लहान टोपांत विभागून चढवली. साडेअकराला आमटीला फोडणी बसली.

तेव्हा केटररच्या मुख्य आचाऱ्याला आठ दिवस आधी जागेवर बोलवा आणि गावच्या आचाऱ्याबरोबर उभे करा. दोघांनी मिळून पुढील गोष्टी पाहाव्यात: शिजवायचे पाणी कुठले आणि घासायचे कुठले, पाणी साठवायला किती पिंपे लागतील, वारा कोणत्या दिशेने येतो, भट्टी मांडवाच्या कापडापासून पुरेशी लांब आहे का, मालाचा टेंपो भट्टीपर्यंत येतो का, आणि वीज गेली तर मोटार कशावर चालवायची.

इंधनासाठी व्यावसायिक १९ किलोचे सिलिंडरच वापरायचे, ते केटररने आणायचे, असे लिहा. घरगुती सिलिंडर अशा कामाला वापरणे नियमबाह्य आहे. भरलेली सिलिंडरे उन्हात आणि भट्टीला लागून ठेवू देऊ नका. वाळूच्या दोन बादल्या आणि आग विझवायचे एक नळकांडे जवळ ठेवा, आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका नेमक्या कोणत्या रस्त्याने मांडवापर्यंत येईल हे दोन मुलांना सांगून ठेवा.

उन्हाळ्यात शिजलेले अन्न झाकून तसेच तासन् तास ठेवणे धोक्याचे आहे. गरम पदार्थ वाढेपर्यंत ६० अंश सेल्सिअसच्या वर, म्हणजे वाफाळतेच, राहिले पाहिजेत. मठ्ठा, बासुंदी, श्रीखंड बर्फात ठेवायला सांगा, आणि पिण्याच्या पाण्यात घालायचा बर्फ खाण्यायोग्य पाण्याचाच असल्याची खात्री करा.

७. बाहेरून आलेल्या माणसांची सोय

आचारी आणि कारागीर आदल्या रात्री येतात. त्यातले काही जण राजस्थानचे, बिहारचे, बंगालचे असतात; रात्रभर प्रवास करून पहाटे भट्टीपुढे उभे राहतात. त्यांना झोपायला शाळेची किंवा समाजमंदिराची खोली आधी मागून ठेवा. पंखा, अंघोळीचे पाणी आणि शौचालय यांची सोय करा, आणि त्यात बायका असतील तर त्यांची खोली वेगळी ठेवा. ही सोय केटररने करायची असे समजून आम्ही गाफील राहिलो, आणि सात माणसे उघड्यावर, टेंपोखाली झोपलेली मला पहाटे दिसली. मला त्याची अजून लाज वाटते.

त्यांची आणि गावच्या माणसांची गाठ आदल्या संध्याकाळी चहावर घालून द्या. दोघांना एकमेकांची नावे माहीत असली की दुसऱ्या दिवशी ‘अहो’ म्हणून हाक मारता येते आणि झारा मागितला तर मिळतो.

८. लग्नाच्या दिवशी

घरातला एक माणूस फक्त भट्टीवर आणि एक फक्त पंगतीवर नेमा. त्यांना अक्षतांच्या वेळी व्यासपीठावर बोलावू नका. केटररशी बोलणे एकाच माणसाने करावे. प्रत्येक काका-मामाने वेगळी सूचना दिली तर मुकादम कोणाचेच ऐकत नाही. शेवटच्या पंगतीसाठी गोड आणि भाजी वेगळी काढून तात्यांसारख्या जाणत्याच्या ताब्यात ठेवा, कारण सकाळपासून राबलेली घरची आणि गावची माणसे त्याच पंगतीला बसतात.

९. हिशेब

रक्कम तीन हप्त्यांत द्यावी: विसार, माल भरतानाचा हप्ता, आणि जेवण व मोजणी झाल्यावर उरलेली रक्कम. एकूण रकमेचा निदान एक तृतीयांश भाग शेवटच्या हप्त्यासाठी हातात ठेवा. पैसे देताना केटररला विचारा की वाढप्यांची मजुरी दिली का, आणि मुकादमालाही समोर बोलवा. आमच्याकडे संध्याकाळी सहा वाजता अकरा पोरे मांडवाबाहेर बसून होती. मुकादम निघून गेला होता आणि केटरर म्हणत होता की मी त्याला दिले. आम्ही अखेरच्या हप्त्यातून त्यांची मजुरी त्यांच्या हातात दिली आणि तेवढी रक्कम बिलातून कापली. शेवटचा हप्ता आधीच देऊन बसलो असतो तर ते जमले नसते.

पक्के बिल घ्या. सेवा कबूल केल्याप्रमाणे मिळाली नाही आणि समजुतीने मिटले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार करता येते, आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. त्यासाठी ठराव, हजेरीची वही आणि बिल हे तीनच कागद कामाला येतात. अन्नाविषयी तक्रार असेल तर ती अन्न व औषध प्रशासनाकडे करावी.

गावच्या माणसांचा हिशेब केटररकडे सोपवू नका. त्यांची मजुरी त्याच संध्याकाळी, घरच्या माणसाने, स्वतःच्या हाताने द्यावी. आचाऱ्याला प्रथेप्रमाणे टोपी-टॉवेल आणि भांड्यांच्या बायकांना चोळखण द्यावा, मुख्य जेवण बाहेरच्यांनी केले असले तरी. उरलेले अन्न टिकण्यासारखे असेल तोवरच, म्हणजे तासा-दोन तासांत, वाडीत घरोघर पोचवा. मंडळाची भांडी दुसऱ्या दिवशी सकाळी मोजून, पोचे आले असतील तर त्यांची भरपाई देऊन परत करा, आणि पोचपावतीवर मंडळाची भांडी सांभाळणाऱ्याची सही घ्या.